माल्टच्या हातगिरणीला मोटर लावली, आणि ती सारखी अडकते

घरगुती बिअरसाठी माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, भरडायची दोन रोलरची गिरणी हाताने फिरवली तर वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. तिचं हँडल काढून पुली बसवली, मोटर जोडली, की पहिल्या दोन-तीन खेपा झकास जातात. मग एक दिवस हॉपरमध्ये (वरच्या दाण्यांच्या पेटीत) निम्मा माल असताना ती थांबते. दाणे उपसून, रोलर हाताने मागेपुढे करून पुन्हा चालू करावी, तर किलोभरानंतर पुन्हा तेच. इथे बहुतेक जण मोठी मोटर शोधायला निघतात आणि तिथेच पैसे वाया जातात. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर या कामाला सहसा पुरते. अडकण्याचं मूळ बहुतेक वेळा मोटरच्या पुढे कुठेतरी असतं, पट्ट्यात, पुली शाफ्टवर आवळणाऱ्या ग्रब स्क्रूत किंवा रोलरमध्ये, आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. रोलर दाणा धरतच नसतील तर पाच अश्वशक्तीची मोटरही त्यांना जास्त जोमाने रिकामं फिरवेल, एवढंच.

पुढची मापं आणि आकडे मुख्यतः अमेरिकेतल्या सुट्या भागांप्रमाणे आहेत, कारण हा छंद आणि त्याचं सामान तिथेच सर्वांत जास्त मिळतं. तिथे १ फेब्रुवारी १९७९ पासून घरगुती बिअरला केंद्रीय करातून सूट आहे: घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. ब्रिटन, ऑस्ट्रेलियातल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झवाल्यांसाठी फरक जागोजागी दिला आहे. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. गिरणी नाचणीच्या किंवा सातूच्या (बार्लीच्या) माल्टसाठी वापरायची असेल तर गोष्ट वेगळी, पण रोलरची गिरणी भरडते, पीठ करत नाही, हे लक्षात असू द्या.

नेमकं काय थांबलं ते आधी बघा

प्लग काढा. पांढऱ्या रंगाने किंवा करेक्शन पेनने पाच ठिकाणी एकेक रेघ मारा: मोटरच्या पुलीवर, गिरणीच्या मोठ्या पुलीवर, त्या पुलीला लागून गिरणीच्या शाफ्टवर, चालत्या रोलरच्या टोकावर आणि मोकळ्या रोलरच्या टोकावर. ‘चालता’ म्हणजे ज्याला शाफ्ट जोडलेला आहे तो. ‘मोकळा’ म्हणजे ज्याला कोणीच फिरवत नाही, मधल्या दाण्यांच्या घर्षणाने जो आपोआप फिरतो तो. बाजारातल्या बहुतेक दोन रोलरच्या गिरण्यांत दुसरा रोलर असा मोकळाच असतो, आणि बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

पुढच्या वेळी गिरणी अडकली की बंद करण्याआधी तीन सेकंद रेघांकडे बघा. हात लांबच ठेवा. सगळ्या रेघा फिरताहेत, फक्त मोकळ्या रोलरची थांबली आहे आणि दाणे वरच्यावर नाचताहेत, तर रोलर दाणा धरत नाहीत. मोटरची पुली फिरतेय पण मोठी पुली थांबलीय, तर पट्टा घसरतोय. मोठी पुली फिरतेय आणि शाफ्टची रेघ थांबलीय, तर ग्रब स्क्रू सुटला आहे. काहीच फिरत नाही आणि मोटर गुणगुणतेय, तर लगेच बंद करा. थांबलेली मोटर सुरुवातीचा मोठा करंट घेत राहते आणि थोड्याच वेळात तिची वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) भाजून निघते.

रोलर फिरतात, दाणा उतरत नाही

हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत कमी समजून घेतला जातो. दाणा दोन रोलरांच्या खाचेत बसतो तेव्हा रोलरांचा दाब त्याला वर ढकलत असतो. खाली ओढतं ते फक्त घर्षण. रोलर ३२ मिमी व्यासाचे, त्यांच्यातली फट १ मिमी आणि दाणा ३ मिमी जाडीचा धरला, तर दाण्याचा स्पर्श रोलरांची केंद्रं जोडणाऱ्या रेषेपासून सुमारे १९.५ अंश वर होतो. दोन्ही रोलर मोटरने फिरत असते तर ०.३५ इतका घर्षण गुणांक पुरला असता. पण दुसरा रोलर मोकळा असल्यामुळे ओढायचं सगळं काम एकट्या चालत्या रोलरवर येतं, कोन दुप्पट होतो आणि गुणांक ०.८ च्या वर लागतो. गुळगुळीत पोलादावर माल्टच्या टरफलाला एवढी पकड कधीच मिळत नाही, म्हणून रोलरवर नर्लिंग, म्हणजे खरखरीत खाचांची नक्षी, असतं. हाच हिशोब ३८ मिमीच्या रोलरला केला तर ०.७२ येतो आणि ५० मिमीच्या रोलरला ०.६१. जाड रोलरची गिरणी कमी अडकते ती यामुळे. आणि ३२ मिमीच्याच गिरणीची फट १ मिमीवरून ०.७ वर आणली की गरज ०.८९ वर जाते. ‘फट थोडीशीच तर कमी केली’ म्हणणाऱ्याची गिरणी त्याच दिवशी अडकायला लागते, त्याचं कारण हे.

वरच्या हिशोबात मोकळा रोलर अगदी हलका फिरतो असं गृहीत धरलंय. तो थोडा जरी जड झाला तरी तेवढा बोजा चालत्या रोलरवरच पडतो. म्हणून तपासणी मोकळ्या रोलरपासून सुरू करा.

प्लग काढून, हॉपर उतरवून मोकळा रोलर बोटाने फिरवा. कुठेही अडखळता कामा नये. अडखळत असेल तर पहिलं कारण पीठ: रोलरचं टोक आणि बाजूची पट्टी यांच्यामध्ये माल्टचं बारीक पीठ साचतं, हवेतली ओल पिऊन घट्ट होतं आणि ब्रेकसारखं काम करतं. बाजूची पट्टी सोडवा, ताठ ब्रशने कोरडं साफ करा. पाण्याने धुऊ नका. बरेच रोलर साध्या पोलादाचे असतात, एका रात्रीत गंजतात, आणि ओलं पीठ नर्लिंगच्या खाचांत खळीसारखं बसतं. काशाचे बुश (रोलरचा शाफ्ट ज्यांत फिरतो त्या कड्या) असतील तर प्रत्येकाला खाद्य दर्जाच्या मिनरल ऑइलचा एक थेंब पुरे. ग्रीस लावू नका, ते पीठ धरून ठेवतं.

दुसरं कारण सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही. गिरणी फळीवर कसून बसवताना फळी वाकडी असेल तर ॲल्युमिनियमची चौकट पिळली जाते, समोरासमोरचे बुश एका रेषेत राहत नाहीत आणि रोलर जड होतो. परीक्षा सोपी आहे. तळाचे चारही स्क्रू अर्धा फेरा ढिले करा. रोलर लगेच मोकळा झाला तर दोष फळीचा. ज्या कोपऱ्याखाली फट दिसते तिथे पत्र्याची चकती सरकवा आणि मग स्क्रू आवळा.

तिसरं म्हणजे फट दोन्ही टोकांना सारखी नसणं. ती ज्या, मध्य सोडून भोक असलेल्या, बुशांनी कमीजास्त होते, ते डावी-उजवीकडे वेगवेगळे फिरवले गेले की रोलर समांतर राहत नाहीत. फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचं माप) दोन्ही टोकांपासून साधारण दीड-दोन सेंमी आत घाला, अगदी कडेला नको. पातं किंचित घासत गेलं पाहिजे. दोन टोकांतला फरक ०.०५ मिमीच्या आत ठेवा. सातूच्या माल्टला सुरुवात १.० ते १.१ मिमीवर करा. गव्हाचा किंवा राय या धान्याचा माल्ट बारीक आणि टणक असतो, त्याला ०.७ ते ०.८ मिमी लागते. तो सातूत मिसळून एकाच फटीतून काढू नका, कारण फट सातूची ठेवली तर गहू आख्खा निसटतो आणि गव्हाची ठेवली तर गिरणी अडकते. वेगळा भरडा, आणि आधी सातू भरडून मग फट कमी करा.

एवढं करूनही दाणे नाचत असतील तर माल्ट तपासा. चांगल्या माल्टमध्ये ४ ते ५ टक्के ओलावा असतो आणि दाणा दाताखाली चुरमुऱ्यासारखा मोडतो. दमट हवेत उघड्या पोत्यातला माल्ट चिवट होतो, तो फुटत नाही, चेपतो. टरफल शाबूत राहावं म्हणून काही जण भरडण्याआधी मुद्दाम पाणी शिंपडतात. पद्धत चांगली आहे, पण प्रमाण वजनाच्या २ टक्क्यांपर्यंतच: ५ किलोला १०० मिली, फवाऱ्याने, ढवळत, आणि भरडण्यापूर्वी दहा ते वीस मिनिटं. ३ टक्क्यांच्या पुढे गेलात की नर्लिंगवर लगदा चढतो आणि खाचा बुजलेला रोलर गुळगुळीत रोलरसारखा वागतो. तो लगदा वाळल्यावर पितळी तारेच्या ब्रशने निघतो.

शेवटचं कारण झीज. जातं गुळगुळीत झालं की त्याला टाकी लावून घ्यावी लागते, तसंच इथे. नर्लिंगची टोकं बोटाला टोचायच्या ऐवजी चकाकताना दिसली, की लेथवाल्याकडून नवं नर्लिंग करून घ्या किंवा रोलर बदला. तोवर तात्पुरता उपाय आहे आणि तो बरेच महिने टिकतो: मोकळ्या रोलरच्या एका टोकाला, दाणा जिथे पडत नाही तिथे, नायट्राइल रबराची ओ-रिंग चढवा. तिची रोलरच्या पृष्ठभागावर राहणारी जाडी फटीपेक्षा जराशी जास्त हवी, म्हणजे ती चालत्या रोलरला टेकते आणि मोकळ्या रोलरला फिरवते. दोन्ही रोलर चालते झाले की वरच्या हिशोबातला ०.८ थेट ०.३५ कडे सरकतो. तिथे रोलरवर खाच नसेल तर लेथवर उथळ खाच पाडून घ्यावी लागते, नाहीतर रिंग सरकते. रिंग झिजते, दर काही खेपांनी बदला. भरडीत काळा चुरा दिसायला लागला तर वेळ टळून गेली आहे.

पट्टा घसरतो

मोटर मिनिटाला १७२५ फेऱ्यांची, तिला दीड इंचाची पुली आणि गिरणीला १४ इंचाची: ही अमेरिकेतली सर्रास जोडणी. कागदावर गिरणीचे १८५ फेरे येतात. प्रत्यक्षात कमी येतात, कारण पुलीवर लिहिलेला व्यास बाहेरचा असतो आणि पट्टा त्याच्या आत बसून चालतो. छोट्या पुलीत हा फरक टक्केवारीने मोठा पडतो. १५० ते २०० च्या दरम्यान काहीही आलं तरी चालेल. खरे फेरे मोजायचे असतील तर रेघेचा १५ सेकंदांचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या, फेरे मोजा, चारने गुणा.

घसरण नेहमी छोट्या पुलीवर होते, मोठीवर नाही. पट्ट्याची छोट्या पुलीवरची मिठी अर्ध्या वर्तुळापेक्षाही कमी असते. दीड आणि चौदा इंचांच्या पुल्यांची केंद्रं १४ इंचांवर असतील तर मिठी जेमतेम १२५ ते १३० अंशांची. हेच अंतर १८ इंच केलं तर ती १४० च्या आसपास जाते. म्हणून मोटर शक्य तितकी लांब बसवा. जागा नसेल तर मधे एक जॅकशाफ्ट (जोड शाफ्ट) घालून दोन टप्प्यांत वेग उतरवा: २ वरून ६ इंच, मग ३ वरून ९ इंच, एकूण १:९, गिरणीवर साधारण १९० फेरे. यात पुल्या चार लागतात, बेअरिंग दोन लागतात, पण कुठलाच पट्टा दीड इंचाच्या पुलीवर मुरगळत नाही. ५० हर्ट्‌झवर मोटर १४४० च्या आसपास फिरते. तिथे २ आणि १६ इंच हे गुणोत्तर सरळ १८० देतं.

ताण बघायला दोन पुल्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यावर मध्यभागी अंगठा दाबा. ४० सेंमीच्या मोकळ्या लांबीला ६-७ मिमी दबला की ठीक. नवा पट्टा पहिल्या दोन खेपांत ताणतो, त्यानंतर एकदा ताण पुन्हा जुळवावा लागतो, आणि ‘पहिल्या दोन खेपा छान गेल्या’ या वाक्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं. पट्ट्यावर चिकट फवारा मारू नका. माल्टची धूळ त्यावर बसून तासाभरात पेस्ट होते.

आणि घसरतो म्हणून पट्टा तारेसारखा ताणूही नका. या गिरण्या हँडलसाठी बनवलेल्या असतात. त्यांचे बुश आडवा भार सोसत नाहीत. जास्त ताणाने बुश लंबगोल झिजतो आणि पट्ट्याकडच्या टोकाची फट हळूहळू बदलते. दोन गोष्टी केल्या तर हा त्रास टळतो. मोठी पुली चौकटीला चिकटून बसवा, शाफ्टच्या टोकाला लटकवू नका. आणि मोटर गिरणीच्या थेट खाली ठेवा, म्हणजे ताण उभा राहतो आणि बुश झिजला तरी रोलरमधली फट फारशी हलत नाही. मोटर बाजूला असेल तर हाच ताण फट उघडतो किंवा मिटवतो.

पुली फिरते, शाफ्ट नाही

गोल शाफ्टवर नुसता ग्रब स्क्रू कसून चालणार नाही. गिरणीवर २० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर) आला तर अर्ध्या इंचाच्या शाफ्टच्या पृष्ठभागावर ३१५० न्यूटन, म्हणजे तीनशेवीस किलोच्या वजनाइतकं बळ येतं. तीन अष्टमांश इंचाच्या शाफ्टवर ४२०० न्यूटन. स्क्रूचं टोक एवढं धरू शकत नाही. ते शाफ्टवर गोल ओरखडा काढतं आणि पुढच्या वेळी त्याच ओरखड्यात घसरतं. शाफ्टवर कानशीने स्क्रूच्या रुंदीचा सपाट कट्टा घासा, साधारण १ मिमी खोल. दोन ग्रब स्क्रू असतील तर ९० अंशांवर दोन कट्टे. मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक) लावून कसा आणि एक दिवस सुकू द्या. की-वे (शाफ्टमधली चावीची खाच) असेल तर चावी बसवा, मग प्रश्नच उरत नाही.

मोटर गुणगुणते पण फिरत नाही

आधी पट्टा काढा आणि मोटर मोकळी चालवा. मोकळी फिरली तर भार जास्त आहे. मोकळीही फिरली नाही आणि पुलीला काडीने ढकलल्यावर मात्र वेग घेते, तर सुरुवातीचा कपॅसिटर गेला आहे किंवा सेंट्रिफ्यूगल स्विचच्या (मोटरने वेग घेतला की हा कपॅसिटर तोडणाऱ्या स्विचच्या) संपर्कांत धूळ बसली आहे. माल्टची धूळ उघड्या खिडक्यांच्या मोटरमध्ये आरामात शिरते. या कामाला पूर्ण बंद, बाहेरून पंख्याने थंड होणारी मोटर घ्यावी. कपॅसिटरला हात लावण्याआधी प्लग काढा आणि इन्सुलेटेड प्लायरमध्ये १० ते २० किलो-ओहमचा रेझिस्टर धरून तो डिस्चार्ज करा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय वाईट.

मोटरचा प्रकारही बघा. कपॅसिटर-स्टार्ट मोटर सुरुवातीला पूर्ण भाराच्या तिप्पट किंवा अधिक टॉर्क देते. पंख्याची किंवा ब्लोअरची, कायम कपॅसिटरवर चालणारी मोटर सुरुवातीला अगदी दुबळी असते. पाटीवर अश्वशक्ती तीच दिसते, आणि भंगारातून आणलेल्या ‘चांगल्या’ मोटरची गंमत इथेच असते.

लांब, बारीक एक्स्टेन्शन केबल हे दुसरं कारण, आणि गॅरेजमध्ये भरडणाऱ्यांना ते नेहमी नडतं. ११५-१२० व्होल्टवर अर्ध्या अश्वशक्तीची मोटर चालताना ९-१० अँपिअर घेते, सुरू होताना ३५ किंवा जास्त. १६ गेजच्या १५ मीटर केबलमध्ये येण्याजाण्याची तार ३० मीटर, रोध सुमारे ०.४ ओहम, म्हणजे सुरुवातीला १४ व्होल्ट वाटेतच जातात. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो, तेव्हा १२० चे १०६ झाले की सुरुवातीच्या टॉर्कचा पाचवा हिस्सा गेला. केबल १२ गेजची घ्या (गेजचा आकडा लहान तशी तार जाड) किंवा मोटर सॉकेटजवळ आणा. २३० व्होल्टवर करंट निम्मा असल्यामुळे हा त्रास फारसा होत नाही.

भार किती आहे ते अंदाजाने ठरवू नका, मोजा. पट्टा काढा. गिरणीच्या शाफ्टवर २५ सेंमी लांबीची पट्टी कसा आणि तिच्या टोकाला सामान तोलायचा काटा अडकवा. तोच, जो प्रवासाला जाताना बॅगा तोलायला बऱ्याच घरांत असतो. हॉपर भरा आणि काटा पट्टीला काटकोनात ठेवत सावकाश ओढा. किलोतला आकडा गुणिले ०.२५ गुणिले ९.८ म्हणजे न्यूटन-मीटर. काटा ४ किलो दाखवत असेल तर जवळपास १० न्यूटन-मीटर. मोटरकडून गिरणीवर याच्या निदान दीडपट, शक्यतो दुप्पट टॉर्क पोहोचला पाहिजे.

अर्ध्या अश्वशक्तीची १७२५ फेऱ्यांची मोटर स्वतःच्या शाफ्टवर २.०६ न्यूटन-मीटर देते. २ आणि १२ इंचांच्या पुल्यांनी ते सहापट होऊन १२, पट्ट्यातली घट जाता ११. दीड आणि चौदाने १९, घट जाता १७. मोटर तीच, पण पहिल्या जोडणीत ती अडकते आणि दुसरीत भरल्या हॉपरवरही ओढते. शिवाय पहिल्या जोडणीत फेरे २८७ होतात. एवढ्या वेगाने टरफलं फाटतात, पीठ वाढतं आणि मॅशमधून (गरम पाण्यात भिजवलेल्या भरडीतून) वर्ट, म्हणजे गोड पाणी, गाळताना थर गच्च बसतो. मोठी मोटर घेण्याआधी मोठी पुली घ्या, ती स्वस्तही पडते.

गियर मोटर आणि ड्रिल

गियर मोटर थेट कपलिंगने जोडली तर पट्ट्याचे सगळे प्रश्न जातात आणि सरळ रेषेचा प्रश्न येतो. दोन शाफ्ट एका रेषेत नसतील तर तीन तुकड्यांच्या जॉ-कपलिंगमधला रबरी स्पायडर काही खेपांत चुरा होतो आणि गिरणीचा बुश एका बाजूने झिजतो. कपलिंगच्या दोन्ही अर्ध्यांवर स्टीलची पट्टी टेकवा. वर आणि बाजूला, दोन्हीकडे प्रकाश दिसता कामा नये. दिसला तर मोटरखाली पत्रे सरकवा. दोन अर्ध्यांमध्ये १-२ मिमी मोकळी जागा सोडा, एकमेकांना दाबून बसवू नका. आणि गियर मोटरचा टॉर्क इतका असतो की खडा आला तर ती थांबत नाही, काहीतरी मोडते. तिथे स्पायडर सर्वांत कच्चा भाग असलेलाच बरा.

ड्रिल हा तात्पुरता उपाय. अर्ध्या इंचाच्या चकचं, कमी वेगाचं, ७ अँपिअर किंवा जास्तीचं तारेचं ड्रिल चालतं. बॅटरीचं पाच किलोत गरम होतं. ट्रिगर अर्धा दाबून हळू चालवलं की आतला पंखाही हळू फिरतो आणि ड्रिल भाजतं. दोन स्पीडचं असेल तर खालच्या गियरवर ठेवा आणि दर चार-पाच किलोंनंतर ते रिकामं, पूर्ण वेगाने मिनिटभर फिरवा.

सुरुवात रिकामी, शेवटही रिकामा

चालत्या जात्यातच मूठ मूठ वैरण घालतात, इथेही तेच. हॉपरच्या तळाशी पातळ पत्र्याची सरकती झडप करा. मोटर सुरू करा, वेग घेऊ द्या, मग झडप उघडा. बंद करताना आधी झडप मिटवा, रोलर रिकामे होऊ द्या. या एका झडपेने ‘सुरूच होत नाही’च्या तक्रारी बहुतेक मिटतात. हॉपरच्या तोंडाशी जाळी आणि एक मजबूत चुंबक ठेवा. माल्टच्या पोत्यातून खडा किंवा स्क्रू कधी तरी येतोच, आणि एक स्क्रू नर्लिंगवर कायमचा चरा पाडून जातो.

अडकलीच, तर प्लग काढा, नुसता स्विच नव्हे. मग मोठी पुली हाताने अर्धा फेरा उलटी फिरवा, दाणे उपसा, खडा शोधा. उलटसुलट स्विच बसवला असेल तर लक्षात ठेवा, एकफेजची कपॅसिटर-स्टार्ट मोटर पूर्ण थांबल्याशिवाय उलटी होत नाही. चालत असताना कळ फिरवली तरी ती सुलटीच चालत राहते. नव्याने जोडलेली गिरणी सुरुवातीपासूनच दाणे वर उडवत असेल तर ती उलटी फिरतेय. चालता रोलर वरून मधल्या फटीकडे वळला पाहिजे.

अडकत नाही, पण भरड बिघडली

मोटरच्या थरथराटाने फटीचे स्क्रू ढिले होतात. हाताने चालवताना हे सहसा होत नाही, त्यामुळे कुणाला शंका येत नाही आणि उतारा (माल्टमधून निघणारी साखर) कमी आल्याचं खापर माल्टवर फुटतं. फट बसवल्यावर स्क्रूवरून चौकटीवर जाणारी रंगाची रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की फिलर गेज काढा. दर खेपेला पहिलं पाव किलो वेगळ्या भांड्यात घ्या आणि बोटांत पसरून बघा. आख्खा दाणा जवळजवळ दिसू नये, टरफल दोन-तीन तुकड्यांत पण ओळखू येईल असं राहावं आणि आतला पांढरा भाग रव्यासारखा जाड असावा. एकाच भांड्यात आख्खे दाणे आणि पीठ दोन्ही दिसत असतील तर रोलर समांतर नाहीत.

चकत्यांच्या, म्हणजे दोन खरबरीत लोखंडी तबकड्यांच्या गिरणीला वरचं रोलरचं गणित लागू नाही. तिथे बहुतेक वेळा बाहेरची तबकडी डुगडुगते, त्यामुळे फट प्रत्येक फेऱ्यात बदलते आणि मोटर दर फेऱ्याला एक झटका खाते. तबकडीमागे पातळ वॉशर घालून डुगडुग कमी करा, आणि तिला १०० फेऱ्यांच्या वर नेऊ नका.

पट्ट्यावर आणि पुल्यांवर प्लायवूडची किंवा जाळीची पेटी हवीच. लांब बाह्या, मंगळसूत्र, ओढणी यांना मोटर ओळखत नाही. मोटरची बॉडी अर्थ करा आणि सॉकेट गळती ओळखून वीज तोडणारं असू द्या. धान्याची हवेत उडालेली धूळ पेटू शकते, म्हणून बंद खोलीत भरडू नका आणि स्विच धुळीपासून लांब लावा. शिवाय माल्टच्या टरफलावर लॅक्टोबॅसिलस जिवाणू असतात. भरडणी आणि आंबवण्याची भांडी एका खोलीत नकोत, नाहीतर गिरणी उत्तम चालेल आणि बिअर आंबट निघेल.